मुकुटबनला गाणं ऐकायचंय? पत्ता नको, तिथी विचारा!

गाण्याचा शौकीन माणूस डिसेंबरात पुण्याला गेला, तर त्याला सवाई गंधर्व महोत्सवाचा रस्ता कुणीही दाखवतं. कोल्हापुरात देवल क्लबचं नाव पुढे येतं. पण तोच शौकीन यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनला उतरला तर? इथं ना सभागृह, ना तिकीटखिडकी. तरीही गाणं ऐकायला यावं असा हा मुलूख आहे. गाव झरी-जामणी तालुक्यात, जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला. आदिलाबादहून वणी-माजरीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्याचं स्टेशन आहे. आसपास कापसाची शेतं, जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी, २०२२ मध्ये सुरू झालेला मोठा सिमेंट कारखाना. तालुक्याच्या कडेने पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे तेलंगण. मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू आणि जिल्ह्याच्या तांड्यांवरची गोरमाटी, एवढ्या भाषांत या पट्ट्यात गाणं होतं. इथल्या गाण्याला जागा ठरलेली नसते, तिथी ठरलेली असते. त्यामुळे "कुठं ऐकायला मिळेल?" असं विचारलं तर समोरचा विचारात पडतो. "कधी?" विचारलं की पंचांग तोंडपाठ असल्यासारखा बोलू लागतो.

रामराम कोणता, त्यावरून गाणं ओळखा

चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभे राहा आणि माणसं एकमेकांना काय म्हणतात तेवढं ऐका. "जय गुरुदेव" कानावर आलं तर तो माणूस बहुधा खंजिरी भजनाच्या मंडळातला. "जय सेवा" म्हणजे गोंड-परधानांचा घरोबा, तिथं किंगरी आणि ढेमसा नाचाची चौकशी करा. "जय भीम" ऐकू आलं तर भीमगीतं नि कव्वालीचा जाणकार समोर आहे. "जय सेवालाल" म्हणजे बंजारा तांडा, नगारा आणि होळीतली लेंगी गीतं. "रामकृष्ण हरी" म्हणजे टाळ-मृदंग. ज्या शब्दात नमस्कार झाला त्याच शब्दात उलट नमस्कार करायचा आणि मग विचारायचं, "भाऊ, आज कुठं कार्यक्रम हाय का?" उत्तर बहुतेक वेळा असं येतं: "हाय नं! रातीला हाय. जेवाले घरीच या." विदर्भात गाण्याचं आमंत्रण आणि जेवणाचं आमंत्रण वेगळं काढता येत नाही, आणि नाही म्हणण्याची पद्धतही नाही.

एका हातात मावणारं वाद्य

या भागात सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाद्य कोणतं, तर खंजिरी. लाकडी कडं, त्यावर चढवलेली पडदी, कड्याच्या खाचांत बसवलेल्या झांजांच्या चकत्या. वाजवणाऱ्याकडे जरा जवळून पाहा. डाव्या हाताने कडं धरलेलं असतं, पण तो हात नुसता धरत नाही, मनगटाच्या झटक्याने चकत्या वाजवत असतो. उजव्या हाताची बोटं पडदीवर, कधी कडेला टणक, कधी मध्यावर घुमणारी. म्हणजे ताल आणि झांज दोन्हींचं काम एकच माणूस करतो, आणि वर गातोही तोच. पायी हिंडणाऱ्या गायकाला याहून सोयीचं वाद्य मिळणं कठीण.

खंजिरीला विदर्भात हे स्थान मिळालं ते तुकडोजी महाराजांमुळे. जन्म १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. त्यांची खंजिरी भजनं इतकी पेटती होती, की १९४२च्या चिमूरच्या उठावामागे ती भजनं आहेत असं म्हणत इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. भजन गायल्याबद्दल जेल! १९५५ साली ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, तेही खंजिरी घेऊनच. आज यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, अमरावती या जिल्ह्यांतल्या गावोगावी गुरुदेव सेवा मंडळं आहेत, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आहे आणि थंडीच्या दिवसांत खंजिरी भजनस्पर्धा भरतात. या स्पर्धा चुकवू नयेत. पुरुष मंडळं, महिला मंडळं, बाल मंडळं, एकामागून एक रात्रभर. महिला मंडळांची खंजिरी ऐकाच, असा माझा आग्रह आहे. एकाच रंगाच्या साड्यांत बसलेल्या बायका कोरस उचलतात तेव्हा मंडपाच्या मागच्या रांगेतला झोपाळलेला माणूसही ताठ बसतो.

आणि एक खंजिरी कमी वाटत असेल, तर अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधन करतात. सप्तखंजिरी ही त्यांची ओळखच झाली आहे.

चार वाजून अठ्ठावन्न मिनिटं

तुकडोजी महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८चं. त्यांच्या आश्रमात, गुरुकुंज मोझरीत, त्यांची पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीला होते. त्या दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं एकदम गप्प होतात आणि मौन श्रद्धांजली वाहतात. आठवडाभर भजनांनी दुमदुमलेल्या त्या परिसरात तेवढा वेळ काहीच वाजत नाही. एवढा मोठा जमाव एवढा गप्प राहिलेला ऐकायचा असेल, तर मोझरी गाठा.

दोन गायक, दोन विद्यापीठं

नागपूर विद्यापीठाला नाव खंजिरीवर भजन करणाऱ्या तुकडोजी महाराजांचं. अमरावती विद्यापीठाला, ज्याच्या कक्षेत मुकुटबनही येतं, नाव कीर्तन करणाऱ्या गाडगेबाबांचं. विदर्भातली दोन्ही मोठी विद्यापीठं अशा माणसांच्या नावाची आहेत, ज्यांनी शाळेच्या बाकावर नव्हे तर गावच्या पारावर लोकांना शिकवलं, आणि तेही गाऊन. गाडगेबाबांचं नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेलं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. त्यात बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारतात आणि श्रोते ओरडून उत्तर देतात. कीर्तनात लोकांना बोलतं कसं करायचं याचा तो उत्तम धडा आहे. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात, २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबा गेले.

तीन तारा आणि एका कुळाचा इतिहास

आता या मुलखातलं सगळ्यांत मौल्यवान गाणं. परधान ही गोंडांची पिढीजात गायक जमात. त्यांचं वाद्य किंगरी: लाकूड कोरून केलेली पोकळी, तिच्यावर चामडं, तीन तारा आणि घोड्याच्या केसांचा गज. परधान आपल्या गोंड यजमानांच्या घरी जातो आणि त्यांच्या कुळाची कथा गातो. कोणता देव कुठून आला, कोणतं कूळ कुठं स्थिरावलं, कोणत्या कुळाशी सोयरीक चालते आणि कोणत्याशी नाही, हे सारं त्याच्या गाण्यात असतं. गोंडांच्या पेर्सा पेनच्या, म्हणजे थोरल्या देवाच्या पूजेत परधानाचं वादन लागतंच. त्यांची पुराणकथा सांगते की पहिला परधान हिरासुका पाटालीर, आणि किंगरी त्याचीच.

इथं एक गंमत आहे. ऑस्ट्रियात जन्मलेले मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४०च्या दशकात नदीपलीकडे आदिलाबादच्या मार्लवाईत राहिले. १९४८ साली राज गोंडांवरचा त्यांचा ग्रंथ आला. त्यांच्या ध्यानात आलं ते असं, की आदिलाबादचे परधान घरात बोलतात मराठी, पण यजमानापुढे गातात गोंडी! आख्यानं एका भाषेत, स्वयंपाकघर दुसऱ्या भाषेत. म्हणजे गोंडी महाकाव्यांचे हे रखवालदार मातृभाषेने मराठी होते, आणि आपल्या मराठी संगीताच्या पुस्तकांत मात्र त्यांना क्वचितच जागा मिळाली. ही उणीव आता तरी भरून निघायला हवी. नाट्यसंगीताच्या जोडीने किंगरीचाही तास संगीताच्या अभ्यासक्रमात असावा असं मला मनापासून वाटतं.

मध्य प्रदेशातल्या परधानांच्या अशाच वाद्याला बाना म्हणतात. तिथल्या पाटनगढचे जनगढसिंह श्याम याच गायक जमातीतले. त्यांनी गाण्यातले देव भिंतींवर आणि कागदावर उतरवले, आणि आज जगभर 'गोंड चित्रकला' म्हणून जी ओळखली जाते तिची सुरुवात झाली.

किंगरी ऐकायची कुठं? नव्हे, कधी? पेरणीच्या धांदलीत विचारू नका. पिकं घरात आल्यावर, लग्न, देवपूजा, जत्रा अशा निमित्ताने ती बाहेर निघते. जाणत्या वादकांची संख्या घटत चालली आहे, म्हणून कुणी हो म्हटलं तर उद्यावर टाकू नका.

मोरपिसं डोक्यावर, राख अंगावर

आश्विनाची पौर्णिमा सरली की राज गोंडांच्या आणि कोलामांच्या वस्त्यांत दंडारी नाचाचे ढोल सुरू होतात, ते दिवाळीपर्यंत. घुसाडी म्हणजे या दंडारीतले खास नर्तक. डोक्यावर मोरपिसांचा भलाथोरला टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात दांडा. टोप पवित्र मानतात, त्याची पूजा होते. व्रत चालू असेपर्यंत घुसाडी अंघोळही करत नाही. एका गावचं पथक नाचत दुसऱ्या गावी पाहुणं जातं, यजमान गाव त्यांना जेवू घालतं, मग उलट भेट. ढोलांच्या जोडीला पेपरे असतं, सनईच्या जातीचं, पण सनईहून कितीतरी तिखट. दूरच्या टेकडीवरून ते ऐकू येतं.

फ्यूरर-हायमेनडॉर्फ राहिले त्या मार्लवाईच्या कनकराजूंना घुसाडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. त्यांनी शिकवलेली पोरं आता नाचतात.

घुसाडीला हात लावू नये, टोप मागून डोक्यावर घालून फोटो काढू नये. तो वेश नाही, देव आहे.

पोडावर जाताना

कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. कोलाम ही कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक, आणि यवतमाळ हा त्यांचा मुख्य जिल्हा. पोडाच्या मधोमध चावडी असते. बैठक तिथंच, पूजा तिथंच, नाचही तिथंच. आधी नाईकाला, म्हणजे पोडाच्या प्रमुखाला भेटायचं, त्याने बोलावलं की चावडीकडे जायचं.

कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, मराठीच्या दाट शेजारात टिकून राहिलेली. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी तिच्यावर १९५५ साली आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडचे इतिहासकार सेतुमाधवराव पगडी निजामाच्या राज्यात अधिकारी असताना गोंडी आणि कोलामी शिकले आणि त्यांची व्याकरणं लिहिली. शिवकालावरचे पगडी पुष्कळांनी वाचलेत, आदिलाबादच्या जंगलात शब्द टिपणारे पगडी फार थोड्यांना माहीत आहेत.

नदीच्या दोन्ही काठी बायका गातात

भाद्रपदाच्या पौर्णिमेला विदर्भात भुलाबाई बसते. मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडायचे, रोज संध्याकाळी मुलींनी घरोघर जाऊन गाणी म्हणायची, ती थेट कोजागिरीपर्यंत. गाणी संपली की खरा खेळ सुरू होतो. झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. कुणी डबा हलवून आवाज ऐकतं, कुणी वास घेतं, आणि घरची काकू अशी खिरापत करते की ओळखूच येऊ नये. शेवटच्या दिवशी ज्वारीच्या धांड्यांची खोपडी करून त्यात भुलाबाईला बसवतात.

भाद्रपदाची अमावास्या आली, की पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणात बतुकम्मा सुरू होतो. नऊ दिवस. तरवडाची पिवळी आणि कुरडूची पांढरी-गुलाबी फुलं थरावर थर रचून मनोरा करायचा आणि भोवती फेर धरून टाळ्यांच्या तालात गायचं. २०१४ साली तेलंगण झालं आणि बतुकम्मा राज्याचा उत्सव झाला. तिथ्या जुळवून पाहा: नवरात्राच्या त्या दिवसांत एका काठावर भुलाबाई आणि दुसऱ्या काठावर बतुकम्मा, दोन्ही एकाच वेळी रंगात असतात. एकाच संध्याकाळी दोन भाषांतली बायकांची गाणी ऐकता येतील अशा जागा महाराष्ट्रात मोजक्याच. मुकुटबनचा परिसर त्यातला एक आहे. माझी पहिली शिफारस विचाराल तर याच दिवसांत या.

बैलांपुढची कविता

पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, की झडत्या सुरू होतात. एकाने चढ्या आवाजात झडती म्हणायची, शेवटी सगळ्यांनी "हर हर महादेव" करायचं, की दुसऱ्या बाजूने उत्तर. देवादिकांपासून सुरू झालेली झडती बघता बघता कापसाच्या भावावर, सावकारावर, पुढाऱ्यावर, जावयावर येते. जुन्या झडत्या पाठ असतात, नव्या त्या सालच्या असतात. कुणी पिकाचा विमा घेतो, कुणी बोगस बियाणं. वर्षभर गप्प बसलेला एखादा म्हातारा तोरणाखाली असा काही सुटतो, की गाव बघत राहतं. मानकऱ्याच्या हातून तोरण तुटलं, पोळा फुटला, की संपलं. म्हणून उशिरा पोहोचू नका.

पोळ्यात वाजणारं डफडं मात्र अधूनमधून शेकोटीपाशी जाऊन येतं. चामडं पावसाळी हवेत सैल पडतं, ते शेकून ताणायचं. दक्षिणेत कर्नाटक संगीतातल्या कंजिराचं याच्या अगदी उलट, त्याच्या चामड्याला आतून पाणी लावून आवाज खाली आणतात.

झटपट, पण खरंखुरं

'गीतरामायण' लिहिणारे ग. दि. माडगूळकर १९७३ साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते यवतमाळला. ५६ गीतांची ती मालिका १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाली होती, संगीत सुधीर फडक्यांचं.

यवतमाळहून निघणारी छोट्या रुळांची 'शकुंतला' जिथं पोचायची ते मूर्तिजापूर म्हणजे पंडित वसंतराव देशपांडे यांचं जन्मगाव (१९२०). वसंतराव नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. त्याच सप्रे गुरुजींकडे शिकलेला दुसरा मुलगा पुढे संगीतकार सी. रामचंद्र झाला.

'बाजीराव मस्तानी'तल्या 'पिंगा'त श्रेया घोषालसोबतचा दुसरा आवाज वैशाली माडेचा, म्हणजे वणीपलीकडच्या हिंगणघाटच्या मुलीचा.

मराठी गझलेचे सुरेश भट अमरावतीचे, आणि ती गझल गावोगाव गाऊन पोचवणारे भीमराव पांचाळेही अमरावती जिल्ह्यातलेच.

नाटक दहाला, घरी उजाडल्यावर

हाताशी जादा दिवस असतील तर वर्धा नदी ओलांडा. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीनंतर तिथं नाटकांचा हंगाम लागतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे कंपन्यांचं ठाणं. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं, समोर ऑर्गन-तबला जिवंत वाजत असतो, आवडलेल्या पदाला वन्समोअर मिळतो. इथल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शाल, सतरंजी आणि थर्मास बरोबर घ्या.

तिथ्यांचा हिशेब

१४ एप्रिलची रात्र भीमगीतांची. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) लिहिलेली गाणी या भागात पोराबाळांना पाठ आहेत. ऑक्टोबरात हाच माहोल चंद्रपूरला असतो, कारण नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी तिथं धम्मदीक्षा दिली होती. कार्तिकात वढ्याला जा. वर्धा आणि पैनगंगेच्या संगमावरच्या या जागेला विदर्भाची पंढरी म्हणतात, तिथं दिंड्या येतात. होळीला बंजारा तांड्यावर लेंगी. त्या समाजाच्या पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडलं आहे. दीक्षा, दिंडी, होळी, तिन्हीकडे नव्या माणसाला बसायला जागा करून देतात.

आणि पौष अमावास्या मोकळी ठेवा. नदीपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यातल्या केसलापूरला नागोबाची जत्रा असते. मेश्राम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी निघतात आणि ते पाणी आलं की पूजा होते. महाराष्ट्रातून गोंड कुटुंबं बैलगाड्यांनी, आता जीप-ट्रॅक्टरनेही, तिथं पोचतात. राहुट्या पडतात, ढोल-पेपरे वाजतात. मुकुटबनहून कोण जातंय ते पंधरा दिवस आधी विचारून ठेवा, गाडीत एखादी जागा असतेच.